परवा म्हणजे बुधवार

माझ्या नऊ वर्षांच्या मुलीनं शाळेतल्या आयम्माच्या मनगटाला कडकडून चावा घेतला, तो बुधवार होता. आयम्मा म्हणजे मुलांचं हवंनको बघणाऱ्या बाई. इकडे हैदराबादेत शाळांत त्यांना असंच म्हणतात. फोन आला तेव्हा मी काचीगुड्याला ऑफिसात होते. "मॅडम, ताबडतोब या," एवढंच. काय झालं ते मी विचारलं नाही. चार वर्षांत असे इतके फोन आलेत की आता पर्स उचलायची आणि निघायचं.

मुलगी वर्गातल्या शेवटच्या बाकाखाली होती. डोकं गुडघ्यांत, पायात एकच बूट. तिला ओढून काढायला गेलेल्या आयम्माला ती चावली होती. मी फरशीवर बसले. ती बोलली नाही, मीही बोलले नाही. वीस मिनिटांनी ती आपणहून बाहेर आली. हा माझा संयम नव्हता. बोलायचं त्राण नव्हतं, इतकंच.

मग मुख्याध्यापकांची खोली. काचेच्या कपाटात करंडक, भिंतीवर 'प्रत्येक मूल हे एक वेगळं फूल आहे' अशी सोनेरी अक्षरांतली पाटी. मागच्याच महिन्यात शाळेनं मुलांच्या मानसिक आरोग्याचा कार्यक्रम केला होता. दीपप्रज्वलन, शाल-श्रीफळ आणि 'मुलांचं ऐकून घ्या' या विषयावर पाहुण्यांचं पाऊण तास भाषण. तेवढा वेळ मुलं उन्हात बसून पाहुण्यांचं ऐकून घेत होती.

"प्रत्येक मूल वेगळं असतं हे आम्ही मानतोच, मॅडम," मुख्याध्यापक म्हणाले. "पण नियम सगळ्यांना एकच. दोन आठवडे बघू. पुन्हा असं झालं, तर टी.सी. घेऊन जा."

ही तिची तिसरी शाळा. चिक्कडपल्लीत आमच्या घरापासून चालत जाता येईल अशी चौथी नाही, आणि बसमध्ये ती चढत नाही.

संध्याकाळी ती जमिनीवर पेन्सिली उंचीप्रमाणे लावत बसली होती. वर न बघता म्हणाली, "तू खोटं बोललीस."

"मी काय बोलले?"

"सोमवारी म्हणालीस, मॅडम परवा येतील. सोमवार, मंगळवार, बुधवार. आज परवा होतं. आणि मी सकाळी परत विचारलं. तू हौ म्हणालीस."

विचारलं असेल. सकाळी डबा भरताना मी कशालाही हौ म्हणते.

मॅडम म्हणजे तिच्या वर्गशिक्षिका. त्यांच्या आईचं ऑपरेशन होतं म्हणून त्या रजेवर होत्या. त्या हिला दाराजवळ बसू देतात आणि 'हसून दाखव बघू' असं कधी म्हणत नाहीत; या दोन गोष्टींवर आमचं घर आठ महिने चाललं होतं. कधी येणार, असं तिनं विचारलं तेव्हा मी वरणाला फोडणी देत होते. "येतील गं परवा," म्हणाले.

आमच्या तीन पिढ्या हैदराबादेत गेल्या. इथल्या दख्खनीत 'परसों' हा दिवस नसतोच. परसों दुकान बंद पडलं म्हणजे गेल्या वर्षी, किंवा आपल्या जन्माआधी. परसों येतो म्हणजे वाट बघू नका. या शेजारानं आमचा मराठी 'परवा'ही कधी सैल केला, ते आम्हाला कळलं नाही. नवरा पुण्याचा. त्याला कळलं होतं.

"लग्न ठरताना तू म्हणालीस, परवाच पहिली नोकरी सोडली," तो म्हणाला. "मला वाटलं, दोन दिवस झाले. दोन वर्षं झाली होती!"

"मग तेव्हाच पळायचंस."

"पळणार होतो. परवा."

आम्ही दोघं हसलो. ती हसली नाही. ती उद्याचा विचार करत होती.

कोठीला पुस्तकांच्या दुकानांवर ज्यांचा दवाखाना आहे, त्या डॉक्टरबाईंनी मला पहिल्याच भेटीत सांगितलं होतं: खात्री नसेल ते हिला सांगू नका. मी ते वहीत सुंदर अक्षरात लिहून घेतलं होतं. लिहून घेतलं की केल्यासारखं वाटतं, हा शिकलेल्या माणसांचा जुना आजार.

"चुकलं माझं," मी म्हणाले. "मला माहीत नव्हतं, तरी सांगितलं."

"मग कधी येणार?"

"माहीत नाही."

तिनं एक पेन्सिल उचलून परत जागेवर ठेवली. मग म्हणाली, "कोणाला माहीत आहे?"

हा प्रश्न मला सुचला नव्हता.

गुरुवारी ती गेली नाही, उलट्या झाल्या. शुक्रवारी आम्ही दोघी शाळेच्या ऑफिसात क्लार्कसमोर उभ्या राहिलो. मॅडम कधी येणार, असं मी विचारलं.

"आ जाते अम्मा," तो म्हणाला. "परसों-तरसों."

माझ्या हातातला तिचा हात एकदम गार पडला. मी म्हटलं, रजेचा अर्ज काढा. कशाला, म्हणाला. काढा, म्हटलं. माझा चेहरा बघून त्यानं फाइल काढली. रजा महिनाअखेरपर्यंत होती. तिनं ती तारीख स्वतः वाचली, बोट ठेवून, दोनदा. मग त्याला विचारलं, "और बढ़ाए तो?"

"बढ़ाए तो मैं क्लास में आके बोलूँगा."

"उसी दिन?"

"हौ बेटा, उसीच दिन." आता तो हसत नव्हता.

बाहेर जिन्यापाशी आयम्मा उभ्या होत्या. मनगटावर पट्टी. मी माफी मागायला लागले, तर त्यांनी दुसरा हात हलवला. "काटी तो काटी. दाँतां छोटे हैं. मेरा पोता लातां मारता."

मुलगी पट्टीकडे बघत होती. तिनं विचारलं, "तुम सोमवार को आते?"

आत्ता या बाई 'हौ' म्हणणार, असं मला वाटलं. सगळे तेच म्हणतात. आयम्मांनी खरोखर विचार केला.

"बुखार नहीं आया तो आती. आया तो नहीं आती."

मुलीनं हे उत्तर तोलून बघितलं, दप्तराचा पट्टा वर ओढला आणि त्यांच्या बऱ्या हाताचं एक बोट धरून जिना चढायला लागली. तिनं मागे वळून बघितलं नाही. मी बघत राहिले.

मी फाटकाबाहेर स्कूटरवर बसून राहिले, मोबाईल मांडीवर. अकरा वाजले, फोन आला नाही. माझ्या ऑफिसला फोन करून खरं कारण सांगून रजा टाकली आणि आणखी थोडा वेळ तिथेच बसले.