भिंतीतलं भोक

गिरगावात आमची खोली तिसऱ्या मजल्यावर, चौपाटीच्या अंगाला होती. खाऱ्या वाऱ्याने खिडकीची चौकट आतून कुजत गेली होती. दिवाळीनंतरच्या वादळात तिची एक झडप निखळून खाली पडली. कोणाला लागलं नाही. घरमालकाने लक्ष घातलं नाही, तेव्हा वडिलांनी रे रोडच्या वखारीजवळ काम करणाऱ्या एका मालवणी सुताराला सागवानी खिडकी करायला सांगितलं.

ठरल्या दिवशी सकाळी त्याने जुनी चौकट उखडली. नवी बसवायला गेला तर भिंत वाकडी निघाली. चौकट बोटभर मोठी पडत होती. दुपारपर्यंत नीट करून आणतो म्हणून तो ती हातगाडीवर घेऊन गेला. दुपारी संयुक्त महाराष्ट्राच्या मोर्चावर अश्रुधूर सोडला गेला आणि संध्याकाळपासून संचारबंदी लागली.

आजोबांना दमा होता, आणि त्यांची खाट नेमकी खिडकीखाली. आईने भोकावर सतरंजी ठोकली, पण वाऱ्याने ती फुगायची आणि कडेने रस्त्यावरचा अश्रुधूर आत यायचा. आजोबांचा खोकला थांबेना. शेवटी शेजारच्या काकूंनी त्यांना आपल्या आतल्या खोलीत नेलं. पुढचे तीन दिवस ते तिथेच होते. वडील चळवळीचे कट्टर समर्थक. पण त्या तीन दिवसांत घोषणा कानावर आल्या की ते काकूंकडे जाऊन आजोबांच्या उशाशी बसत.

चौथ्या दिवशी सकाळी दोन तास संचारबंदी उठली. तेवढ्यात सुतार आला. हातगाडी मिळाली नव्हती, म्हणून तो आणि त्याचा भाऊ चौकट खांद्यावर घेऊन रे रोडहून चालत आले होते. वडील म्हणाले, रस्ते सुरळीत होईपर्यंत थांबला असतात तरी चाललं असतं.

"तुमच्या भिंतीक भोक पाडून गेलंय," तो म्हणाला. "माका झोप खंय लागता?"

चौकट बसेपर्यंत दोन तास उलटून गेले. दोघे भाऊ आमच्याकडेच अडकले, जेवले, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी निघाले. आजोबा आपल्या खाटेवर परतले.

पुढच्या वर्षीच्या वादळात आमच्या घरात थेंबही आला नाही. काकूंची खिडकी मात्र गळली. वारा पडल्यावर वडील स्वतः त्यांना घेऊन त्या सुताराकडे गेले.