चौकोनात कोंबलेला नऊ

मी मोबाइल डोळ्यांसमोर धरून दरवाजावरच्या नऊच्या आकड्याचा फोटो काढत होते, तेवढ्यात मागून व्हीलचेअरचा आवाज आला. खुर्चीत सत्तरीचे एक गृहस्थ छातीला हात लावून बसले होते. खुर्ची ढकलणारा त्यांचा मुलगा घामाघूम झाला होता. त्याने बंद दरवाजा दोन-तीनदा ठोठावला.

“कुठं जायचंय?” मी विचारलं.

“एक नंबरला. काउंटरवरच्यांनी सांगितलं, एकला जाऊन ईसीजी काढा. हे दारच उघडंना झालंय.”

“हा नऊ आहे. प्लास्टरची खोली. आज बंद आहे.”

त्याने मान वर करून आकड्याकडे पाहिलं. “नऊ? हा?”

एक नंबरची खोली कॉरिडॉरच्या दुसऱ्या टोकाला होती. आम्ही दोघांनी खुर्ची पळवली. आत नेल्यावर सिस्टरने ईसीजीची पट्टी काढली, डॉक्टर आले, दार बंद झालं. मुलगा बाहेर भिंतीला टेकून उभा राहिला. लोह्याजवळच्या खेड्यातून आणलं होतं वडिलांना. मी त्याच्या शेजारी उभी होते. तो चुकला कशामुळे, ते मला ठाऊक होतं. तो आकडा मीच काढला होता.

मी लातूरची. टाइप डिझायनर, म्हणजे अक्षरांचे आकार काढणं हे माझं काम. नांदेडच्या या खासगी हॉस्पिटलच्या नव्या इमारतीसाठी मी एक ठसठशीत भौमितिक फॉन्ट तयार केला होता. नियम एकच: प्रत्येक अक्षर वर्तुळ आणि चौकोनातून घडवायचं आणि रेघ शक्य तितकी जाड ठेवायची. इमारतीवरचं नाव रस्त्याच्या पलीकडूनही उठून दिसायचं. ते आवडलं म्हणून आतल्या पाट्याही त्याच फॉन्टमध्ये झाल्या.

मराठी एक म्हणजे वर गोल, खाली शेपूट. नऊलाही गोल आणि शेपूट असते. फरक पडतो तो डावीकडे वळलेल्या आकडीमुळे. माझ्या चौकोनात ती आकडी मावेना, म्हणून मी ती आखूड केली होती. शिवाय रेघ एवढी जाड की आतली पांढरी जागा बुजली. त्या जागेला आम्ही काउंटर म्हणतो. डोळा खरं तर तिच्यावरूनच अक्षर ओळखतो.

तासाभराने सिस्टर बाहेर आली. अटॅकच होता, पण वेळेत सापडला, आता स्थिर आहेत, असं तिने सांगितलं. मुलगा आत वडिलांकडे गेला. मी सरळ हॉस्पिटलच्या मुख्य डॉक्टरांच्या केबिनमध्ये गेले आणि नऊ एकसारखा वाचला जातोय, पाट्या बदलायला हव्यात, असं सांगितलं.

“मॅडम, एका माणसाचं झालं असेल तसं,” ते म्हणाले. “घाबरलेला होता तो.”

“सर, इथं येणारा प्रत्येक जण घाबरलेलाच असतो.”

ते खुर्चीत मागे रेलले. “उद्घाटनाला आलेल्या प्रत्येकानं या पाट्यांचं कौतुक केलं. आता महिन्याच्या आत काढायच्या?”

“दोन दिवस द्या. खरंच चुकतंय का, ते बघून सांगते.”

दुसऱ्या दिवशी लोह्याच्या बसस्टँडवर गेले. आकड्यांचे मोठे प्रिंट भिंतीला चिकटवले आणि वीस पावलांवरून लोकांना वाचायला सांगितलं. सात बरोबर, चार बरोबर. नऊला जवळपास निम्मे लोक अडखळले. पिशवी घेऊन उभ्या असलेल्या एक बाई म्हणाल्या, “एक. न्हाई, थांबा. नऊ हाय व्हय?” धोतरातल्या एका आजोबांनी जवळ येऊन कागद निरखला.

“हे तुम्ही काढलंय का?”

“हो.”

“मंग असं कामून काढलं?”

माझ्याकडे उत्तर होतं, पण ते त्यांना सांगण्यासारखं नव्हतं. चौकोनात बसावं म्हणून, एवढंच ते उत्तर.

लातूरला परत येऊन नवा नऊ काढला. आकडी लांब केली, चौकोनाच्या बाहेर जाऊ दिली. रेघ बारीक करून आतली पांढरी जागा मोकळी केली. माझ्याच डोळ्याला तो खटकत होता. शाळेच्या रांगेत एका पोराने पाय बाहेर काढावा, तसा. दोन्ही नऊ घेऊन नांदेडला गेले आणि डॉक्टरांना कॉरिडॉरच्या टोकाला उभं केलं. आधी जुना धरला, मग नवा.

“हा दुसरा जरा वेगळाच दिसून राहिलाय,” ते म्हणाले.

“एकपेक्षा?”

“हो. एकपेक्षा.” मग स्वतःच हसले. “बदला.”

इमारतीवरचं नाव जुन्या फॉन्टमध्येच राहिलं. तिथे तो शोभतो. आतल्या सगळ्या पाट्या नव्याने कापून लावल्या. ते गृहस्थ आठवड्याने घरी गेले, असं सिस्टरकडून कळलं.

पुढे नव्या नऊसह हा फॉन्ट मी एका स्पर्धेला पाठवला. परीक्षकांचा शेरा आला: नऊचा आकडा बाकीच्या अक्षरांच्या कुटुंबात बसत नाही. शेरा अगदी बरोबर होता. मी आकड्याला हात लावला नाही.

आता कुठलाही आकडा पक्का करण्याआधी तो भिंतीवर चिकटवते आणि घाईत असलेल्या अनोळखी माणसाला वाचायला सांगते. माझं मत त्याच्यानंतर.