खाचरातली रोझमेरी

ऐंशी सालच्या सुमाराला मी मुळशीत धरणाजवळ भाताचं खाचर विकत घेतलं आणि त्यात जमिनीवर पसरणारी रोझमेरी लावली. हिरवा, सुगंधी गालिचा होईल, असं पुण्याच्या नर्सरीवाल्याने सांगितलं होतं. मी दीडशहाणा. शोभेसाठी खाचराचे बांध सिमेंटने पक्के केले आणि शेळ्या खातील म्हणून भोवती काटेरी तार ओढली.

शेळ्या घेऊन एक म्हातारी रोज तिथून जायची. तारेपाशी थांबून, मिश्री लावत, माझी बाग अशी बघायची, जणू कुणी घाण करून ठेवलीय. एकदा तिने आत हात घालून एक काडी मोडली आणि शेळीपुढे धरली. शेळीने हुंगून तोंड फिरवलं.

“शेरडं तोंड लावंनात, तिला तार कशाला? पाण्यानं कुजंल ती. आदी बांध फोडा.”

“आजी, यातलं तुम्हाला काय कळतंय?” मी म्हणालो.

आषाढात खाचर तुडुंब भरलं. पाण्याला वाट मीच ठेवली नव्हती. पंधरा दिवसांत रोझमेरी काळी पडून कुजली. इरलं पांघरून म्हातारी आली, तारेपाशी थांबली. मी मान खाली घातली.

तिने शेळ्या पुढे हाकल्या आणि म्हणाली, “तारंचं पीक मातुर लई झ्याक आलंया.”