कडब्याची भिंत

मी धम्मदीप, ताडकळसचा विज्ञानाचा मास्तर. उष्णता कशातून जाते नि कशातून जात नाही, हे पोरांना शिकवून शिकवून माझा स्वतःबद्दल बराच गैरसमज झाला आहे. सिमेंटचं नवं घर बांधलं तेव्हा नकाशाही मीच काढला. पश्चिमेची खोली वडिलांना दिली.

एप्रिलात ती भिंत दुपारपासून तव्यासारखी तापू लागली. लाईट गेली की कूलरही गप्प. दादांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, मुकाट्यानं बाज उचलली आणि रस्त्याकडेच्या कडुलिंबाखाली टाकली. येणारा-जाणारा विचारू लागला, "मास्तर, म्हाताऱ्याला बाहीर काडलं का काय?" मला फार लागलं. दादांना घरात आणायचंच, असा मी चंग बांधला.

भिंतीला बाहेरून जाड पांघरूण हवं, एवढं पुस्तकी ज्ञान होतंच. दारात ज्वारीचा नवा कडबा पडला होता. मी आणि बायको मनिषानं त्याच्या पेंढ्या भिंतीला लावल्या, छतापर्यंत, थरावर थर. खोली खरंच गार पडली. दादा आत येऊन घोरू लागले. मी शाळेत, हॉटेलात, भेटेल त्याला त्यावर व्याख्यान दिलं. लोक मला बघून रस्ता बदलू लागले.

एकच गोष्ट माझ्या विज्ञानातून निसटली. कडबा आमच्या म्हशीचा होता. रोज सकाळी दादा भिंतीच्या पेंढ्या उपसून तिच्यापुढं टाकत. मे निम्मा सरला तोवर भिंत उघडी पडली, आणि दादांनी पुन्हा बाजेला हात घातला.

"दादा, सोताच्या खोलीची भिंत म्हशीला घालायलात तुमी!" मी ओरडलो.

"मंग तिला उपाशी मारू का?" ते म्हणाले. "मला काय, झाडाखाली बी झोप लागती."

मी तणतणत मनिषाला म्हणालो, आता तुरीच्या वाळक्या काटक्या, तुराट्या बांधतो, त्या म्हैस खात नाही, वरून मातीनं लिंपतो. ती भांडी घासता घासता म्हणाली, "आवं, आपली उत्तरंची खोली गारच हाय की. ती द्या ना त्यान्ला."

मला कडबा सुचला, तुराट्या सुचल्या, हे मात्र डोक्यात आलं नव्हतं.

त्या दुपारी बाज मीच उचलून आमच्या खोलीत टाकली. दादा लगेच झोपले. मी पश्चिमेच्या खोलीत पाठ टेकली आणि थोड्याच वेळात घामानं निथळत उठून बसलो. ही खोली त्यांच्यासाठी मी निवडली होती, आणि ते मला एका शब्दानं बोलले नव्हते.