शंकरपाळ्याची वीण

रेवा आणि ईशान,

गेल्या रविवारी आपण फोनवर बोलत होतो, तेव्हा तुमच्या मागे मॉरीन दिसली. तिनं मला हात केला. रेवा म्हणाली, "आजी, तूपण हात कर ना!" मी "रेंज गेली वाटतं" म्हणून फोन ठेवून दिला. सांगलीत त्या दिवशी रेंज उत्तम होती. तुमच्या शेजारणीला मी हात का केला नाही, हे रेवानं नंतर दोनदा विचारलं आणि दोन्ही वेळा मी तिच्या शाळेचं विचारू लागले. बोलताना विषय बदलता येतो, लिहिताना मला ते जमत नाही. म्हणून लिहिते आहे. बाबांकडून वाचून घ्या.

लग्न होऊन मी कोरेगावहून निघाले, तेव्हा वऱ्हाडाची बस एसटी स्टँडसमोर उभी होती. सगळ्या बायका डोळे पुसत होत्या, माझी आई सोडून. तिनं खिडकीतून माझ्या मांडीवर एक पिशवी ठेवली. आत विणायच्या सुया आणि राखी लोकर. म्हणाली, "हात रिकामे ठेवू नको, म्हणजे डोळे भरायचे नाहीत." आईचं म्हणणं खरं ठरलं, पण कऱ्हाडपर्यंतच.

सांगली म्हणजे विणणाऱ्या बाईचं सासर नव्हे. कोरेगावात थंडीत पहाटे कानटोपी लागायची. इथं दिवाळीतही पंखा. माझ्या सासूबाई तासगावकडच्या. पहिल्याच आठवड्यात माझ्या हातात सुया बघून त्या भर अंगणात म्हणाल्या, "आगं, ह्या उनात मेंढरं सुदिक अंगावरची लोकर काढून देत्यात, आन तू घालाय निघालीयास व्हय?" सगळे हसले. मीही हसले, पण जरा उशिरा.

तरी मी विणत राहिले, साताऱ्याकडच्या भाचरांसाठी. अडचण असायची ती नव्या विणीची. नमुन्यांची पुस्तकं आमच्यापर्यंत येत नसत. दुसरीच्या अंगावरचा स्वेटर बघून टाके मनात मोजायचे आणि घरी येऊन करून पाहायचं. याला आम्ही वीण उतरवून घेणं म्हणायचो. मिरजेच्या एका लग्नात मी अक्षता मुठीत तशाच धरून पुढच्या बाईची पाठ मोजत उभी राहिले होते. शेजारच्या चौगुले काकू तर मी दिसले की विणकाम पदराखाली घ्यायच्या. एकदा सरळ मागितलं, तर म्हणाल्या, "आवं बाई, वीण म्हंजे काय विरजण हाय व्हय, वाटीभर द्यायला?"

तुम्ही स्कॉटलंडला गेलात, तेव्हा मला वाईट वाटलं, हे खरं. पण आपल्या घरातलं कुणीतरी अखेर थंडीत राहायला गेलं, याचा आनंदही झाला. आता माझ्या लोकरीला अंग मिळालं. तुमच्या आईनं मला टॅबलेट घेऊन दिला आणि विणकामाचे ब्लॉग उघडून दिले. सकाळचा चहा झाला की मी तो पिठाच्या डब्याला टेकवून बसते. जन्मभर शाळेत इंग्रजी शिकवलं, पण 'के टू टुगेदर' म्हणजे दोन टाके मिळून एक सुलट, हे मला कुठल्यातरी नॉर्वेच्या बाईनं शिकवलं. तिनं आपली सगळी वीण ओळीओळीनं लिहून जगाला फुकट दिली आहे. चौगुले काकूंना हे सांगितलं असतं तर त्यांना घेरी आली असती.

मग तुमच्या आईनंच सांगितलं की शेजारची मॉरीनही ब्लॉग लिहिते. तो मी पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचला, आणि तेव्हापासून मला ती बाई आवडत नाही.

तिच्या खिडकीतून मेंढ्या दिसतात. लोकर ती घरी रंगवते. याचं मला काही वाटलं नाही. पण एका फोटोत लोकरीची लडी दोन हातांवर ताणून धरलेली होती, आणि ते हात ईशानचे होते. लडीचा गुंडा करताना ती कुणालातरी धरावी लागते. आईची लडी मी धरायचे. माझी लडी आता खुर्चीची पाठ धरते. तो फोटो मी बोटांनी मोठा करून पाहिला. ईशान, तुझी नखं वाढली होती.

गेल्या महिन्यात तिनं नवी वीण टाकली. नाव होतं 'आजी स्टिच'. माझं नाव! बाईनं नातवंडं घेतली, आता नावही घेतलं, असं मी तुमच्या आजोबांना मोठ्यानं म्हणाले. ते म्हणाले, "आधी खालचं वाच."

खाली लिहिलं होतं: शेजारच्या मुलीचा स्वेटर तिला आखूड झाला, पण ती तो टाकू देईना. मी विचारलं, ही कसली वीण? ती म्हणाली, आजी.

रेवा, तो मी विणून पाठवलेला स्वेटर. तू कुणी विणला ते सांगितलंस आणि तिला ते विणीचं नाव वाटलं. आणि ती वीण होती माझ्या आईची, शंकरपाळ्याची. मशीनमध्ये धुऊन धुऊन स्वेटर गोळा झाला होता, टाके मोजता येत नव्हते, म्हणून मॉरीननं बाहीची दुमडलेली पट्टी उलगडून तिथून ती उतरवून घेतली. आमच्यासारखीच, बघून बघून.

फक्त तिथं घात झाला. लेकराच्या स्वेटरला दृष्ट लागू नये म्हणून आई बाहीच्या दुमडीत, कुणाला दिसणार नाही असा, मुद्दाम एक उलट टाका घालायची, आणि मीही घालते. गालावर काजळाची तीट लावतात ना, तशी. मॉरीनला वाटलं, हा विणीचाच भाग. तिनं तो प्रत्येक शंकरपाळ्याच्या पोटात घातला. आता कुठल्या कुठल्या देशांतल्या बायका अंगभर तीट लावून फिरताहेत.

मी तिच्या ब्लॉगवर लांबलचक कॉमेंट लिहिली, व्याकरण तपासलं, आणि पुसून टाकली. मग एवढंच लिहिलं: आजी हे विणीचं नाव नाही, ते मी आहे. तो उलट टाका एका स्वेटरला एकच असतो, मुलाला दृष्ट लागू नये म्हणून. तिचं उत्तर आलं: माफ करा, बदलू का? रेवासाठी मोठा स्वेटर याच विणीचा केला आहे, तो उसवू का?

दोन दिवस मला "उसवा" लिहावंसं वाटत होतं. तिसऱ्या दिवशी "राहू द्या" लिहिलं. तुमच्याकडे थंडी पडली होती.

तर रेवा, तुझ्या अंगावर आता वीण माझी आहे आणि ऊब तिची. याचा मला हेवा वाटतो, आणि तो लवकर जाईल असं वाटत नाही. मॉरीनला सांग, फोन मीच ठेवला होता.

परवा कोरेगावला माझ्या भाचीकडे गेले होते. घर नवं बांधलंय. तिथं सगळ्यांना तयार स्वेटर पुरतात, सुया कुणाकडेच नाहीत. आईची वीण आता कोरेगावात कुणाला येत नाही. सांगलीत मला येते, आणि तुमच्या गल्लीत मॉरीनला.