भुजंग मिस्तरीचा वहीम

जालन्यातल्या धान्याच्या मोंढ्याजवळ पत्र्याच्या शेडात मोटारी दुरुस्त करणारा भुजंग मिस्तरी माणूस म्हणून वाईट नव्हता. फक्त त्याचा कशावर विश्वास नव्हता. गवळणीच्या देखत तो दुधात बोट बुडवून बघायचा. कुणी राम राम घातला तरी याचं आपल्याकडं काय काम असेल, हे आधी मनात यायचं. त्याची बायको झुंबरबाई म्हणायची, "देवानं तुमच्या पोटात आतड्याऐवजी वहीमच भरलाय." मोटारवाले मात्र त्याच्यावर खूश असायचे. वहमी मिस्तरीच्या हातून इंजिनात काही सुटत नाही, असं त्यांचं म्हणणं.

जर्मनीच्या लढाईचे दिवस होते. हैदराबादेतसुद्धा मोटारीचं सुटं सामान मिळेनासं झालं होतं, आणि चांगली जुनी वस्तू चोरबाजारात हातोहात खपत होती. अशात मदनलाल शेटजींची जालना-मंठा मोटार चढाला दम टाकू लागली. रिकामी असली की नीट चालायची. माणसं भरून जरा वेग घेतला की इंजिन अडखळायचं. ती चालवणाऱ्या ड्रायव्हरचं नाव कारभारी. भुजंगच्या धाकट्या बहिणीचा, द्वारकाबाईचा नवरा.

भुजंगनं इंजिनाचं हेड, म्हणजे वरचं झाकण, उतरवलं. हेडातले व्हॉल्व्ह सारखे उघडझाप करतात आणि त्यांना घट्ट मिटवायचं काम स्प्रिंगांचं. स्प्रिंग ढिली पडली की व्हॉल्व्ह वेळेवर मिटत नाही, अन् इंजिनाचा जोर वाया जातो. त्यानं सगळ्या स्प्रिंगा रॉकेलनं धुतल्या, जुन्या आरशाच्या काचेवर ओळीनं उभ्या केल्या आणि एकेकीला काटकोनाचा गुण्या लावून फिरवून पाहिलं. वाकडी एकही नव्हती, पण दोन किंचित बुटक्या दिसल्या.

मग त्यानं ठेवणीतली नवी स्प्रिंग काढली. नवी आणि जुनी शिकंज्यात समोरासमोर धरायची, मध्ये चकती घालायची आणि आवळत जायचं. जी कमजोर, ती जास्त दबते. बाकीच्या सगळ्या नवीच्या तोडीस तोड उतरल्या. त्या दोन बुटक्यांनी मात्र पहिल्याच आवळणीला मान टाकली.

भुजंगच्या कपाळावर आठी पडली. दिवाळीला हे हेड त्यानंच बांधलं होतं. तेव्हा सगळ्या स्प्रिंगा बराबर होत्या. म्हणजे मधल्या काळात कुणीतरी चांगल्या काढून या भंगारातल्या घातल्या. मोटार मंठ्याला मुक्कामी असते ती कुणाच्या दारात? कारभारीच्याच. आणि परवाच द्वारकेच्या अंगावर नवंकोरं इरकल लुगडं होतं, ते कुठून आलं?

तेवढ्यात कारभारी आला. "सापडलं का दुखणं, मिस्तरी?"

"सापडलं. दाजी, हेड कुणी खोललं होतं?"

"मी कशाला खोलू? नट कुठला ढिला करायचा ते बी मला म्हाईत न्हाई."

"मंठ्यात कुणाचा हात लागला?"

"बिलकुल न्हाई," म्हणत कारभारी हसला. त्या हसण्यानं भुजंगचा वहीम पक्का झाला.

तो तडक शेटजींच्या पेढीवर गेला. मदनलाल शेटजींनी सगळं ऐकून समोरची वही मिटली. "भुजंग, सख्ख्या मेहुण्याबद्दल बोलून राह्यला तू. बराबर विचार केला का?"

"केला," भुजंग म्हणाला.

शेटजींनी कारभारीच्या हातून मोटार काढून घेतली. दोन दिवसांनी द्वारकाबाई मंठ्याहून आली आणि उंबऱ्यातच उभी राहिली. झुंबरबाईनं पुढं केलेला तांब्या तिनं हाती घेतला नाही. "दादा, माझ्या माणसाला चोर केलंस. मला इचारायचं तरी व्हतं!" एवढं बोलून ती माघारी फिरली.

शेटजींनी कुठून तरी दोन स्प्रिंगा मिळवल्या. त्या बसवायला घेतल्या तेव्हा भुजंगच्या ध्यानात आलं, की कमजोर स्प्रिंगा निघाल्या त्या जागा शेजारीशेजारी होत्या, आणि त्याही अगदी मागच्या टोकाला, जिथं हात घालणं सगळ्यात अवघड. चोर सोपं सोडून अवघड कशाला काढेल? त्यानं जुन्या स्प्रिंगा उन्हात धरल्या. भट्टीतून काढलेल्या लोखंडासारखी त्यांच्यावर निळसर झाक होती. म्हणजे त्या भंगारातल्या नव्हत्या. तापून तापून त्यांच्या पोलादाचं पाणी उतरलं होतं.

तापल्या कशानं? मागच्या टोकाला तेल नेणाऱ्या बारक्या नळीत त्यानं तेल ओतलं. पलीकडून थेंब निघेना. तेल पोचलं नाही की तिथल्या स्प्रिंगा तापणारच. तार घालून ओढल्यावर एक काळा बोळा बाहेर आला. रॉकेलात धुतल्यावर त्यातून हिरवा रंग आणि पिवळा काठ दिसू लागला. झुंबरबाईचं जुनं लुगडं! दिवाळीला हेड पुसायला त्यानंच ते फाडलं होतं.

शेडात दुसरं कुणी नव्हतं. चिंधी गटारात टाकली असती तरी कुणाला कळलं नसतं. भुजंगनं गटाराकडं पाऊलही टाकलं. मग चिंधी मुठीत आवळून तो शेटजींकडं गेला आणि तिथून मंठ्याला.

कारभारी अंगणात दोर वळत होता. भुजंगनं चिंधी त्याच्यापुढं धरली. "दाजी, ही नळीत अडकल्ती. माझ्या हातून. तुमचा काही गुन्हा न्हाई."

कारभारीनं चिंधी उलटीपालटी करून पाहिली. "अन् ही सापडली नसती तर, मिस्तरी? मंग मी जल्मभर चोरच का?"

द्वारकाबाईनं पाणी आणून ठेवलं, पण जेवून जा म्हणाली नाही.

शेटजींनी स्वतः निरोप धाडला, तरी कारभारी त्या मोटारीवर परतला नाही. घनसावंगीकडं एका कापसाच्या जिनाच्या लॉरीवर लागला. पुढच्या पंचमीला द्वारकाबाई माहेरी आली, हसली-बोलली. कारभारी तिला न्यायला आला तेव्हा भुजंगनं शेडात बाजेवर सतरंजी टाकली.

"बसा ना, दाजी."

"उभाच बरा हाय," कारभारी म्हणाला. बाहेर लिंबाखाली उभ्यानंच त्यानं चहा घेतला, कप पायरीवर ठेवला आणि बायकोला म्हणाला, "चल, गाडी जाईल."