भेगेवरची काच
ओल्या चुन्याचा वास आला की उदगीरची ती दगडी इमारत आठवते, आणि ती माझ्या खोटेपणामुळे पाडली गेली हेही. भूकंप होऊन फार दिवस झाले नव्हते. लातूर जिल्हा तसा नवाच, कचेरीत माणसं अपुरी, त्यात दुष्काळ. ही जुनी इमारत पुढचा धक्का सोसेल का, हे तपासायला मला पाठवलं होतं. तिथे एक बाई खेड्यांतून आलेल्या मुलींची अभ्यासिका चालवत. भिंतीच्या भेगेवर मी चुन्यानं काचेची पट्टी बसवली. भिंत सरकली तर काच तडकणार. दर आठवड्याला पाहायला जायचो. बाहेर रखरखाट, आत जाड भिंतींचा गारवा आणि मुलींच्या पाठांतराची गुणगुण. "सायब, भिंत बघाया येता का पाणी प्याया?" म्हणत बाई रांजणातलं अर्धा पेला पाणी पुढे करायच्या. "काच साबूत हाय ना? माझ्या पोरींना दुसरी जागा न्हाई." उन्हाळा सरत आला आणि माझीच शिडी घसरून काच फुटली. नवी बसवायची तर तपासणी पहिल्यापासून करावी लागणार, वर साहेबांची बोलणी. मी 'भिंत सरकते आहे' असं कळवून मोकळा झालो. इमारत पाडली, अभ्यासिका मोडली. तसा गारवा मला पुन्हा कुठल्याच खोलीत मिळाला नाही. परवा चाकूरला बाईंच्या घरी जाऊन सगळं सांगितलं. त्या म्हणाल्या, "तव्हाच का न्हाई बोलला? पोरी घरी बसल्या की हो." मी त्यांच्या पाया पडलो. म्हटलं, "भ्यालो होतो, बाई. माझं चुकलं. मला माफ करा."